उतारावरचा गिअर

आमचं इतेन गाव दोन गोष्टींसाठी ओळखलं जातं. एक, धावणारी पोरं, दुसरा, उतार. पोरांचे फोटो काढायला जगभरातून माणसं येतात. उताराचे फोटो फक्त पोलीस काढतात.

त्या उताराच्या अगदी माथ्यावर माझं गॅरेज आहे. खाली केरियो खोऱ्यात जाणारी प्रत्येक टॅक्सी माझ्या दारावरून जाते. माझं नाव तालाम, पण स्टँडवरचे ड्रायव्हर मला मिस्त्री म्हणतात. माझ्या फळीवर कोकोचा एक रिकामा डबा असायचा. त्यात गेल्या तीन वर्षांत एक्केचाळीस फ्यूज जमले होते.

ते कुठून आले, हे सांगायला हवं. आमच्याकडे गाड्या येतात जपानमधून, वापरून झालेल्या. अलीकडच्या गाड्यांना पुढच्या काचेवर एक छोटा कॅमेरा असतो. समोर माणूस, गाय, गाडी काही आडवं आलं की आतला संगणक स्वतःच ब्रेक दाबतो. ड्रायव्हर लोक ती गाडी घेऊन थेट माझ्याकडे यायचे आणि म्हणायचे, "मिस्त्री, हिचं डोकं काढ." मी त्या कॅमेऱ्याचा फ्यूज उपटायचो. मग डॅशबोर्डवर केशरी दिवा लागायचा आणि तो काही केल्या विझायचा नाही. त्यावर मी काळ्या चिकटपट्टीचा तुकडा लावायचो. आमच्या स्टँडवर ती काळी पट्टी दिसली की प्रवासी निर्धास्त बसायचे. एकाने भर दुपारी गाढवाला धडक दिली. कॅमेऱ्याला ते गाढव पन्नास पावलांवरून दिसलं असतं. त्याने दोष गाढवालाच दिला, आणि सगळ्यांनी मान डोलावली.

हे सगळं सुरू केलं माझ्या थोरल्या भावाने, किमाइयोने. खरं म्हणजे सुरू मी केलं. पण ते कुणाला ठाऊक नव्हतं.

दादा वीस वर्षं या उतारावर टॅक्सी चालवत होता. त्याची शेवटची गाडी जपानचीच, ऑटोमॅटिक गिअरची. चावी फिरवली की आतून एक बाई गोड आवाजात काहीतरी बोलायची. काय बोलते ते कुणालाच कळत नव्हतं. जेरोतिच वहिनी तिला सवत म्हणायची. "तुमच्या दादांनी दुसरी केलीय हो. माझ्याशी बोलायला वेळ नाही आणि हिचं रोज सकाळी ऐकून घेतात," असं ती मला सांगायची, आणि दादा हसून मान खाली घालायचा. पुढे आमच्या गावचा धावपटू चेबोई जपानमध्ये सहा वर्षं कुठल्याशा कंपनीच्या संघाकडून धावून परत आला. त्याला ती भाषा येत होती. त्याने गाडीत बसून कान देऊन ऐकलं आणि म्हणाला, "ती म्हणतेय, टोलचं कार्ड घातलेलं नाही." स्टँडवर आठवडाभर लोक हसत होते. वहिनी म्हणाली, "बघा, सवतसुद्धा मेली कामाचं काही बोलत नाही."

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी दादा आणि वहिनी बटाट्याची पोती भरून खाली शेतावर निघाले. तांबाच गावाच्या अलीकडच्या मोठ्या वळणावर ब्रेक लागले नाहीत. गाडी कठडा तोडून खडकावर आपटली. दादाचा उजवा पाय मोडला. वहिनी जागच्या जागी गेली.

मी तिथे पोलिसांच्या आधी पोहोचलो. दादाला लोकांनी वर रस्त्यावर आणून ठेवलं होतं, वहिनीच्या अंगावर कुणीतरी आपला कांगा, अंगावरचं रंगीत कापड, पांघरला होता. मी मिस्त्री माणूस. रडायचं सोडून माझे डोळे गाडीकडे गेले. पुढच्या चाकांच्या ब्रेकच्या डिस्क तापून निळ्या पडल्या होत्या. ब्रेक ऑइल उकळल्याचा वास येत होता. मी वाकून आत बघितलं. गिअरचा दांडा न्यूट्रलवर होता.

मग सगळं कळलं. उतारावर गाडी न्यूट्रलवर टाकायची, इंजिनाला सुट्टी द्यायची आणि पेट्रोल वाचवायचं, ही आमच्या स्टँडची जुनी खोड. गाडी गिअरमध्ये असली तर इंजिनच तिला मागे ओढून धरतं. न्यूट्रलवर सगळा भार ब्रेकवर येतो. ते तापतात, तापतात आणि ऐनवेळी पेडल लोण्यात गेल्यासारखं खाली जातं. त्यात बटाट्याची पोती. आणि या नव्या गाड्यांत तर पेट्रोलही वाचत नाही. उतारावर गिअरमध्ये असताना इंजिन ते घेतच नाही. मी हे दादाला दोनदा सांगितलं होतं. तो म्हणाला होता, "तू नट-बोल्ट बघ, उतार माझ्यावर सोड."

मी हात घातला आणि तो दांडा न्यूट्रलवरून खाली ओढला. तिथे असायला हवा होता तिथे. का ओढला? त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की हे कुणाला दिसता कामा नये. दादाला तर नाहीच.

इस्पितळात तिसऱ्या दिवशी त्याने मला विचारलं, "तालाम, ब्रेक का लागले नाहीत?" त्याचे डोळे माझ्यावरून हलत नव्हते. मी म्हणालो, "दादा, संगणकाने दगा दिला. पेडल आणि ब्रेकच्या मधे तो असतो ना, त्याने तुझा पाय मानलाच नाही." दादाने डोळे मिटले. "हो," तो म्हणाला. "मला पायाखाली थरथर जाणवली. कुणीतरी पाय ढकलत होतं." वड्याचं तेल वांग्यावर निघालं, आणि मला वाटलं, निघू दे. वांग्याचं काय जातंय.

वांग्याचं काही गेलं नाही, पण आमचं गेलं. दादा पाय बरा झाल्यावर पुन्हा गाडी चालवायला बसला नाही. तो माझ्याच घरी, वरच राहू लागला. महिन्यातून एकदा खाली शेतावर, वहिनीच्या कबरीकडे जायचा, तेही लंगडत, शेळ्यांच्या पायवाटेने. येताना त्याला अख्खा दिवस लागायचा. बाकीचे दिवस तो स्टँडवर चहाच्या टपरीपाशी बसून सांगायचा: यंत्रावर विश्वास ठेवू नका, ते माणसाचा पाय मानत नाही. दुधाने पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. दादाने तर अख्ख्या गावाला फुंकायला लावलं. लोक ऐकायचे, कारण बोलणाऱ्याची बायको गेली होती. ऐकून झालं की ते माझ्याकडे यायचे आणि मी फ्यूज उपटायचो. प्रत्येक फ्यूज डब्यात टाकताना मला लाज वाटायची. पण खरं बोलायचं म्हणजे दादाला सांगायचं की वहिनीला तू मारलंस. ते माझ्याच्याने होत नव्हतं.

दादाची मुलगी चेरोप एल्डोरेटला नर्स आहे. गेल्या वर्षी तिने स्वतःच्या कमाईची गाडी घेतली. अर्थात जपानची, अर्थात कॅमेरावाली. यंदा वहिनीच्या कबरीवर सिमेंटचा चौथरा करायचं ठरलं. माती खचत चालली होती आणि दादाला त्याचं फार लागायचं. शनिवारी सकाळी चेरोप वर आली. डिकीत सिमेंटची चार पोती होती, माझ्यासाठी तिने लोखंडी थापी आणली होती आणि घरी लावलेल्या मुरसिकचा, म्हणजे आंबवलेल्या दुधाचा, एक तुंबा. पोती पायवाटेने नेता येत नाहीत, म्हणून दादा तीन वर्षांत पहिल्यांदा गाडीत बसायला कबूल झाला होता.

पण गाडीपाशी येऊन तो थांबला. "डोकं काढलंय का हिचं?"

"नाही बाबा," चेरोप म्हणाली. "आणि काढणार नाही. मागच्या महिन्यात एक सायकलवाला एकदम समोर आला. माझा पाय हलायच्या आत ही थांबली. तो माणूस आज जिवंत आहे."

"आज आपणहून थांबली. उद्या आपणहून थांबणार नाही."

"बाबा, ही तुमच्यापेक्षा बरं ऐकते माझं."

"तुझी आईसुद्धा असंच हसायची त्या गाडीला." दादाने काठी रोवली. "त्या यंत्रासकट मी तिच्या कबरीकडे जाणार नाही. तुम्ही दोघं जा. मी चालत येतो."

चेरोपने माझ्याकडे बघितलं. ती लहानपणापासून गाडीचं काही झालं की माझ्याकडेच बघते. "काका," ती हळू म्हणाली, "आजच्या दिवसापुरता फ्यूज काढा. उद्या परत लावा. त्यांना आईकडे जाऊ दे."

तिथेच सांगायला हवं होतं. मी बोनेट उघडलं, फ्यूज उपटला आणि दादाच्या हातात दिला. त्याने तो निरखून पाहिला, शर्टाच्या खिशात टाकला आणि खिशाचं बटण लावलं. "आता ठीक," तो म्हणाला आणि पुढच्या सीटवर बसला. मी थापी घेऊन मागे बसलो. चेरोपने चावी फिरवली. आतून बाई बोलली.

"तुझ्या आईची सवत अजून आहेच," दादा म्हणाला, आणि तीन वर्षांत पहिल्यांदा वहिनीचा विनोद त्याच्या तोंडून आला. आम्ही तिघंही हसलो. मला वाटलं, बरं केलं फ्यूज काढला. असं हसणं मिळत असेल तर एक फ्यूज काय.

उतार सुरू झाला. खाली खोरं पसरलं होतं, सकाळचं धुकं अजून नदीवर होतं. दादाने दारावरची मूठ घट्ट धरली होती आणि डोळे रस्त्यावर. मी त्याच्या मानेकडेच बघत होतो, पुढे काय चाललंय तिकडे माझं लक्ष नव्हतं. पहिलं वळण गेलं, दुसरं गेलं. चेरोप छान चालवत होती, फार वेगात नाही.

तिसऱ्या वळणानंतर मला वास आला.

तो वास मी मरेपर्यंत विसरणार नाही. तापलेल्या पॅडचा, थोडा जळक्या केसांसारखा. मी पुढे वाकलो. चेरोपचा डावा हात दांड्याजवळ होता. दांडा न्यूट्रलवर होता.

"हे काय केलंस?" मी म्हणालो.

"काय?" तिने आरशातून बघितलं. "न्यूट्रल? बाबांनीच शिकवलंय. उताराच्या माथ्यावर न्यूट्रल टाकायचं."

"बरोबर आहे," दादा म्हणाला. "इंजिन झोपलं की संगणकही झोपतो. मग त्याला मधे कडमडता येत नाही. मी स्टँडवर सगळ्यांना हेच सांगितलंय. आता सगळे तसंच करतात."

सगळे. माझ्या डोळ्यांपुढे तो कोकोचा डबा आला. एक्केचाळीस गाड्या, प्रत्येकीत सात-आठ माणसं, आणि प्रत्येक जण माथ्यावर न्यूट्रल टाकतोय. पूर्वी पेट्रोलसाठी टाकायचे, ते निदान कधीमधी. आता जीव वाचवायचा म्हणून रोज टाकतात. मी एक खोटं भावाच्या उशाला ठेवलं होतं, त्याने ते अख्ख्या गावाला वाटलं होतं.

पुढच्या वळणावर चेरोपने ब्रेक दाबला. गाडी हळू झाली, पण उशिरा. "पेडल जरा मऊ लागतंय," ती म्हणाली.

"गिअरमध्ये घाल," मी ओरडलो. "आधी गिअर, मग सगळ्यात खालचा. ब्रेकवरून पाय काढ. घाल आधी. तुझी आई अशीच गेली."

तिने दांडा खाली ओढला. इंजिन गुरगुरलं, गाडीला मागून कुणी धरल्यासारखं झालं आणि वेग उतरला. नर्स आहे ती. आधी हात चालतात, प्रश्न नंतर. पुढचं वळण गाडीने पायी चालल्यासारखं घेतलं.

मग दादाने विचारलं. मागे न वळता. "अशीच म्हणजे कशी?"

मी सांगितलं. निळ्या डिस्क, उकळलेलं ऑइल, न्यूट्रलवरचा दांडा. "पोलीस यायच्या आधी मी तो ओढला, दादा. संगणकाचा काही दोष नव्हता. मी खोटं बोललो." तो रस्त्याकडे बघत राहिला.

मोठं वळण आलं. तिथे कठड्याचा तेवढा भाग अजून नवा, पांढरा दिसतो. "थांबव," दादा म्हणाला. चेरोपने गाडी डोंगराच्या बाजूला घेऊन थांबवली. दादा उतरला, काठी विसरून. कठड्यापर्यंत लंगडत गेला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून उभा राहिला. आम्ही मागोमाग गेलो. पुढच्या चाकांतून धूर निघत होता.

मला वाटलं, तो मला मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तिने सांगितलं होतं मला," दादा म्हणाला. "तिथे, वरच्या वळणावर. म्हणाली, अहो, वास येतोय, गिअरमध्ये घाला. तालाम भावजी म्हणत होते ना." तो थांबला. "मी म्हणालो, गाडी तू चालवतेस का मी? ती गप्प बसली. मग काही बोललीच नाही. शेवटपर्यंत नाही."

चेरोपने तोंडावर हात ठेवला होता.

"इस्पितळात मी तुला विचारलं, तेव्हा मला माहीत होतं," दादा माझ्याकडे वळून म्हणाला. "तू संगणक म्हणालास. मी तो धरला. बुडणारा माणूस धरतो तसा. मग इतक्यांदा सांगितलं की मला ती थरथरही खरंच आठवायला लागली."

चेरोप आमच्यावर ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "तुम्ही दोघांनी एकमेकांना सांभाळलंत. आणि ज्याने आई गेली तेच बाबांनी मला शिकवलं." एवढंच बोलून ती गाडीच्या चाकांवर बाटलीतलं पाणी ओतायला गेली. मी तिला अडवलं. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतलं की ती तडकते. आम्ही रस्त्याच्या कडेला तासभर बसून राहिलो, ब्रेक निवेपर्यंत. वरून दोन टॅक्सी आल्या, इंजिनाचा आवाज नाही, नुसती टायरची सळसळ. दोन्ही न्यूट्रलवर. दोन्ही ड्रायव्हरांनी दादाला हात केला. त्याने दोन्ही हात वर करून त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, पण ते हसून पुढे गेले. तेव्हा तो रडला. मी त्याला तीन वर्षांत रडताना पाहिलं नव्हतं, वहिनीच्या मातीलाही नाही.

जाण्याआधी त्याने खिशाचं बटण काढलं आणि फ्यूज चेरोपच्या हातावर ठेवला. मी तो तिथेच बसवला. केशरी दिवा विझला.

चौथरा आम्ही दुपारपर्यंत केला. चेरोपने ओल्या सिमेंटवर खिळ्याने आईचं नाव कोरलं. दादाने तिच्याकडून खिळा मागून घेतला, बराच वेळ हातात धरला, आणि काही न कोरता परत दिला.

वर येताना त्याने माझ्याशी एक शब्द काढला नाही. त्यानंतर महिनाभरही नाही. एकाच घरात राहायचो, एकाच ताटलीतली मक्याच्या पिठाची उगाली तोडायचो, आणि बोलणं शून्य. माझी बायको म्हणायची, "दोन बैल बरे, निदान एकमेकांना चाटतात तरी."

पण त्या शनिवारनंतरच्या सोमवारी सकाळी गॅरेज उघडलं तर दारात एक टॅक्सी उभी. ड्रायव्हर डोकं खाजवत म्हणाला, "मिस्त्री, तुमच्या म्हातारबांनी पाठवलंय. म्हणे, डोकं परत लाव." त्याच्या मागे दुसरी होती. मी काळ्या पट्ट्या सोलून काढायला लागलो. महिन्याच्या शेवटी डब्यात सहा फ्यूज उरले, तेही गाड्या विकून गेल्या म्हणून.

दादा आता टपरीपाशी बसत नाही. जिथे उतार सुरू होतो, अगदी तिथे, एका दगडावर बसतो. प्रत्येक गाडीला काठी आडवी घालून थांबवतो आणि आत वाकून दांडा बघतो. सुरुवातीला पोरं थट्टा करायची. "म्हातारबा, परवा न्यूट्रल टाका म्हणालात, आज गिअर टाका. उद्या काय, मागे बसून चालवू?" प्रवासीही हसायचे.

एकदा मी पाण्याचा डबा घेऊन तिथून जात होतो, तेव्हा ऐकलं. तो खिडकीत वाकून एका नव्या ड्रायव्हरला सांगत होता. "माझ्या गाडीत दोन बायका होत्या. एक जपानची, ती वेडंवाकडं काहीतरी बोलायची, टोलचं कार्ड नाही म्हणून. तिच्या यंत्रावर मी तीन वर्षं आळ घेतला. दुसरी माझी बायको, ती खरं बोलत होती. तिला मी गप्प केलं." गाडीत कुणी हसलं नाही. पोराने दांडा खाली ओढून दाखवला. दादाने काठी उचलली.

हे तो दिवसातून वीसदा सांगतो, प्रत्येक वेळी नव्याने, स्वतःच्या नावासकट. मी एकदा न राहवून म्हणालो, "दादा, माझंही सांग ना. मी लपवलं ते." तो पुढच्या गाडीकडे बघत म्हणाला, "तू माझा धाकटा आहेस. तुझं मी कशाला सांगू?" महिन्याभरानंतर त्याचं माझ्याशी ते पहिलंच बोलणं.

आजतागायत त्याने ते कुणाला सांगितलेलं नाही. म्हणून इथे मीच सांगितलं.